फावल्या वेळातलं काम

विणकामाचा नमुना कागदावर अगदी कोरडा दिसतो. दोन सुलट, दोन उलट, ओळ संपेपर्यंत असंच. पुढची ओळ दिसेल तशी. मग धागा पुढे, दोन टाके एकत्र, तीन सुलट. पण सुया हातात घेऊन तीच ओळ वाचू लागलं की शब्द बोटांत उतरतात आणि दिवेलागणीपर्यंत वीतभर कापड मांडीवर येतं. ज्या बाईनं तो नमुना लिहिला ती कुठे राहते, कोणती भाषा बोलते, आज हयात आहे की नाही, काही ठाऊक नसतं. तरी ती सोबत असते. आता मुंढा आला, जरा सावकाश. इथे दोन्ही कडांना एकेक टाका कमी करा. घाबरू नका, हा भाग थोडा वेळ वेडावाकडा दिसतो, पुढे सरळ होतो. एका अनोळखी बाईनं दुसऱ्या अनोळखी बाईचा हात धरून तिच्याकडून एक वस्तू पुरी करून घ्यावी, असं हे लेखन. मला ते फार प्रिय आहे.

आणि म्हणूनच मला मनापासून वाटतं, की हे लिहिणाऱ्या बाईला तिच्या कामाचे पैसे मिळायला हवेत. वाक्य साधं आहे, पण विणणाऱ्या बायकांच्या घोळक्यात ते उच्चारलं की क्षणभर सगळ्या गप्प होतात. आमच्या व्हॉट्सॲप गटांत रोज एखादा तरी फोटो येतो: परदेशातल्या कुणा डिझायनरचा स्वेटर, गळ्याभोवती गोल योक, त्यावर पानं उमललेली. खाली लगेच विचारणा, "कुणाकडे याची पीडीएफ आहे का गं?" कुणाकडे तरी ती असतेच. तिनं विकत घेतलेली असते, किंवा तिलाही अशीच कुणीतरी पाठवलेली असते. बघता बघता ती गटातल्या सगळ्यांच्या फोनांत पोचते. पाठवणारीच्या मोठ्या मनाचं कौतुक होतं. मन मोठं आहे हे खरंच, पण दिलेली वस्तू तिची नव्हती. मी या बायकांना ओळखते. भाजीवालीचे सुटे पैसे द्यायचे राहिले तर दुसऱ्या दिवशी आठवणीनं नेऊन देणाऱ्या या बायका आहेत. त्यांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना ही चोरी वाटतच नाही, आणि का वाटत नाही हे समजून घेतल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे नमुने कायम असेच फिरत आले. माझ्या मावशीची एक वही होती, दोनशे पानी, कापडी पाठीची. झबली, टोपडी, पायमोजे, कुंची, बिनबाह्यांचा स्वेटर, सगळं त्यात. लिहिण्याची रीत तिची स्वतःची. सु म्हणजे सुलट, उ म्हणजे उलट, धा म्हणजे धागा पुढे, आणि दोन टाके एकत्र करायचे तिथे दोन बारीक रेघा माथ्याशी टेकवलेल्या. प्रत्येक नमुन्याच्या वर तो कुठून आला ते लिहिलेलं असे. खालच्या मजल्यावरच्या वहिनी. दवाखान्यातल्या नर्सबाई. बेळगावच्या गाडीत समोरच्या बाकावर बसलेल्या बाई. त्या बाईंच्या सुईवरचे टाके मावशीनं सरळ मोजून घेतले होते, आणि त्यांनीही हात थांबवून मोजू दिले होते. मासिकांतली कात्रणंही त्या वहीत खळीनं चिकटवलेली आहेत. त्यांच्यावर मात्र नमुना करणारीचं नाव कुठेच नाही.

ही देवाणघेवाण फुकट होती असं आपण सहज म्हणतो. ती फुकट नव्हती. ज्या वहिनींनी झबल्याचा नमुना दिला, त्यांच्या सुनेच्या बाळंतपणात मावशी रात्री जागली. नर्सबाईंच्या घरी दिवाळीचा फराळ जात असे. देणारी आणि घेणारी एकमेकींना चेहऱ्यानं ओळखत होत्या, वहीत देणारीची ओळख राहत होती, आणि त्या नमुन्यावर कुणाचं घर चालत नव्हतं. आज जिच्या श्रमांतून ती फाइल निघाली, ती बाई या वर्तुळाच्या बाहेर आहे. ती आजारी पडली तर आपल्यातलं कुणी डबा घेऊन जाणार नाही. आपल्याकडून तिच्यापर्यंत पोचू शकेल अशी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे नमुन्याची किंमत. तीही आपण पोचू दिली नाही तर मावशीच्या वहीची परंपरा सांगण्याचा आपल्याला काय अधिकार?

नमुना लिहायला काय काय लागतं हे मला कळलं ते एका धाकट्या मैत्रिणीमुळे. ती नाशिकला राहते. इंजिनिअर आहे. मुलगा लहान असताना नोकरी सोडली आणि आता विणकामाचे नमुने तयार करून ऑनलाइन विकते. तिचे नमुने बाहेर पडण्याआधी मी विणून पाहते. याला टेस्ट निटिंग म्हणतात आणि जगभर हे काम बहुतेक बायका पैसे न घेताच करतात. (हाही एक बिनपगारी कष्टच आहे. ती मला लोकरीचे पैसे आग्रहानं देते, पण सगळ्या डिझायनरांना तेवढंही परवडत नाही.)

एका दुपारी तिच्या घरी गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर चौकटींचे कागद पसरलेले होते आणि ती रडकुंडीला आली होती. "ताई, हे बघा ना, नव्वदला पान बसतच नाहीये." तिच्या नक्षीतलं एक पान 12 टाक्यांचं होतं. विणीचा ताण असा, की 10 सेंटीमीटरमध्ये 22 टाके बसतात. म्हणजे 90 सेंटीमीटर छातीला 198 टाके. आता 198 टाक्यांत 12 टाक्यांचं पान साडेसोळा वेळा येतं. अर्धं पान कुठेतरी तुटणार, आणि तुटलेलं पान अंगावर घातल्यावर सगळ्यांत आधी तेच दिसणार. 192 टाके घेतले तर पानं पुरी 16 येतात, पण छाती सव्वासत्त्याऐंशीची होते. 204 घेतले तर पानं 17 आणि छाती पावणेत्र्याण्णव. शिवाय 17 पानं पुढच्या आणि मागच्या भागात सारखी वाटता येत नाहीत. "मग नव्वदवाल्या बायकांनी करायचं काय?" ती मला विचारत होती, जणू त्या सगळ्या नव्वदवाल्या बायका बाहेर ओसरीवर खोळंबून बसल्या आहेत.

चहा झाला. मुलगा शाळेतून आला, त्याचं खाणंपिणं झालं. त्या सगळ्यात तिचा हात कागदावर चालूच होता. मग एकदम तिनं पेन्सिल खाली ठेवली. दोन्ही काखांखाली तीन-तीन टाक्यांची साधी उलट पट्टी घालायची. 192 आणि 6, बरोबर 198. लगेच तिनं बाकीची मापं करून पाहिली. 80 सेंटीमीटरला 176 टाके: 14 पानं आणि दोन्हीकडे चार-चार टाक्यांची पट्टी. 100 ला 220: 18 पानं आणि पट्टी दोन-दोनची. 110 ला 242: 20 पानं आणि एकेक टाका. आणि 120 ला 264, त्यात 22 पानं अशी बसतात की पट्टीच लागत नाही. चार, तीन, दोन, एक, शून्य. ते आकडे एकाखाली एक उतरलेले पाहून माझ्या अंगावर काटा आला. त्या बारक्या पट्टीनं पाच मापांच्या बायकांचं गणित सुटलं होतं, आणि स्वेटर विणणारीला तिथे काही अडलं होतं याचा कधी पत्ताही लागणार नव्हता. चांगल्या नमुन्यात सगळी मेहनत अशी पोटात जाते. वाचताना तो सोपा वाटतो, आणि सोपा वाटतो म्हणूनच लोकांना त्याचे पैसे जास्त वाटतात.

हे झालं फक्त छातीचं. मुंढ्याचा उतार, बाहीचा घेर, गळ्याची खोली, हे सगळं प्रत्येक मापाला वेगळं काढावं लागतं, कारण माणूस रुंद होतो त्या प्रमाणात त्याचा गळा रुंद होत नाही. मग नमुना तपासणारी लागते. तिला टेक्निकल एडिटर म्हणतात आणि ती तासावर पैसे घेते. प्रत्येक ओळीची बेरीज ती करून पाहते, कारण एक आकडा चुकला तर कुठेतरी एक बाई रात्री बारा वाजता अर्धी बाही उसवत बसते. मग फोटो, मग पानांची मांडणी, मग वर्षानुवर्षं येणाऱ्या शंका. "चाळिसाव्या ओळीत माझा एक टाका उरतोय, काय करू?" माझी मैत्रीण प्रत्येकीला उत्तर देते. एवढं सगळं करून तिच्या नमुन्याची किंमत पाच-सहाशे रुपये. परदेशी डिझायनरांचे नमुनेही साधारण 6 ते 9 डॉलरना मिळतात. त्यातून विक्रीच्या ठिकाणाचा वाटा, पैसे पोचवणाऱ्याचा वाटा, एडिटरची फी, लोकर, टपालखर्च वजा करा. उरतो तो तिचा रोज, आणि तो किती नमुने विकले गेले त्यावर पडतो.

"एवढ्यात तर आख्खा स्वेटर येतो," असं तिला एकीनं ऐकवलं होतं. येतो, खरंच येतो. थंडीत आपल्या शहरांत तिबेटी विक्रेत्यांचे तंबू लागतात, त्यात लुधियानाच्या यंत्रावरचा स्वेटर तेवढ्यात मिळतो आणि उबदारही असतो. ज्यांना ऊबच हवी त्यांनी तो जरूर घ्यावा. आपण विणायला बसतो ते वेगळ्याच कारणासाठी. तिला याहून जास्त लागलं ते एका लोकर-विक्रेत्याचं बोलणं. त्याला तिचं डिझाइन आपल्या पत्रकावर हवं होतं. मोबदल्याचं विचारलं तर म्हणाला, "तुमचं नाव होईल ना मॅडम. घरबसल्या फावल्या वेळात तर करता." त्यानंतर कितीतरी दिवस तिनं सुया हातात घेतल्या नाहीत.

लोकर आणि नमुना यांचं हे नातं जुनं आहे. 1840 साली एडिंबरामध्ये जेन गॉगेन या बाईंनी विणकाम, जाळीकाम आणि क्रोशाच्या नमुन्यांचं पुस्तक काढलं. त्या आणि त्यांचे पती लोकर नि सुईकामाच्या सामानाचं दुकान चालवत. नमुना कसा लिहायचा याची ठरलेली रीत तेव्हा नव्हतीच, त्यामुळे टाक्यांसाठी खुणा आणि संक्षेप त्यांना स्वतः बसवावे लागले. पुस्तक घेणाऱ्या बाईला लोकर लागणार आणि लोकर घ्यायला आलेल्या बाईला पुस्तक, असा तो जोडधंदा होता, आणि त्यात लिहिणारीचं नाव पुस्तकावर होतं. पुढे गिरण्या मोठ्या झाल्या. त्यांनी नमुन्यांची पत्रकं काढली, स्वस्तात किंवा गुंड्याबरोबर तशीच दिली. पैसे लोकरीतून वसूल होत होते. पत्रकावर गिरणीचं नाव ठळक असे. नक्षी कुणी काढली ते ग्राहकाला कळायची सोय बहुधा नसे. नमुना म्हणजे लोकरीबरोबर आपोआप येणारी वस्तू, ही समजूत तिथून आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडली.

फुकट नमुन्यांच्या मी विरुद्ध नाही, हे इथे स्वच्छ सांगते. 2002 साली कॅनडातल्या एमी सिंगर यांनी 'निटी' नावाचं ऑनलाइन नियतकालिक सुरू केलं. वाचणाऱ्याला सगळे नमुने विनामूल्य, खर्च जाहिरातींतून, आणि डिझायनरांना त्यांचा मोबदला. 2004 मध्ये त्यात केट गिल्बर्ट यांची 'क्लापोटी' नावाची शाल आली. तिरकी विणायची, आणि ठरावीक टाके मुद्दाम सोडून द्यायचे, की ते शिडीसारखे खाली ओघळत जातात. टाका सुटण्याची विणणारीला जन्मभर धास्ती असते, आणि या बाईनं ती धास्तीच नक्षी करून टाकली. जगभर हजारो बायकांनी ती शाल विणली. कुणालाही नमुन्यासाठी पैसा पडला नाही, आणि तो करणारी उपाशीही राहिली नाही. फुकटाची अशी नीट बांधलेली व्यवस्था असू शकते.

दुसरं फुकट दानाचं. 2017 च्या जानेवारीत अमेरिकेत स्त्रियांचा मोठा मोर्चा निघाला तेव्हा मांजराच्या कानांची गुलाबी टोपी लाखो डोक्यांवर दिसली. तिचा नमुना कॅट कॉइल यांनी केला होता आणि तो सगळ्यांना मोकळा ठेवला होता. स्तनाच्या कर्करोगात स्तन काढावा लागलेल्या बायकांसाठी हलके, मऊ, सुती स्तन विणून देण्याची चळवळ आहे. अमेरिकेत सुरू झाली, आता मुंबईतही विणणाऱ्या बायका आहेत. ते नमुनेही मुक्त आहेत आणि वस्तूही पैसे न घेता दिली जाते. यांतल्या प्रत्येक ठिकाणी देणारीनं स्वतः ठरवून दिलं. ते ठरवण्याचा हक्क तिचा आहे आणि फाइल पुढे ढकलताना आपण नेमका तोच काढून घेतो.

त्या लोकर-विक्रेत्याचं वाक्य मात्र माझ्या मनातून जात नाही. घरबसल्या, फावल्या वेळात. बाईच्या हातकामाला रोख पैसा देण्याची गरज नाही, हे जगात पुष्कळ ठिकाणी पुष्कळ काळ याच भाषेत सांगितलं गेलं आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. तिथली जाळीदार शाल इतकी तलम, की अंगठीतून आरपार ओढता येते. तिची नक्षी आईच्या हातून मुलीच्या हातात जाई, कागद मध्ये येतच नसे. 1872 साली ब्रिटिश सरकारनं तिथे एक चौकशी केली. विल्यम गथ्री नावाच्या अधिकाऱ्यानं लर्विक गावात बसून माणसांच्या साक्षी घेतल्या आणि त्यांत विणणाऱ्या बायका मोठ्या संख्येनं होत्या. शाल घेऊन व्यापाऱ्याकडे गेलं की तो रोख पैसे देत नसे, दुकानातला माल देत असे. बहुधा चहा, नाहीतर कापड. घरात पीठ नसलं तरी हातात चहाची पुडी. मग ती पुडी घेऊन या बायका शेतकऱ्यांच्या दारी जात आणि चहाच्या बदल्यात पीठ मागत. मी जेव्हा जेव्हा शेटलंडची शाल पाहते, त्यातली लाट, ते डोळे, ती बारीक जाळी, तेव्हा चहाची पुडी पदराआड धरून शेतांतून चालणारी बाई मला दिसते. पन्नास वर्षांनी, 1922 मध्ये, त्याच बेटांच्या टापूतला फेअर आइल विणीचा रंगीत स्वेटर घालून इंग्लंडचा युवराज एडवर्ड सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळायला उतरला आणि ती नक्षी रातोरात सगळ्यांना हवीशी झाली. युवराजाचं नाव फॅशनच्या इतिहासात लागलं. नक्षी ज्या बायकांची, त्यांची नावं कुणी विचारली नाहीत.

आणि शेटलंड दूर आहे म्हणावं, तर नरसापूर जवळ आहे. आंध्रच्या गोदावरी खोऱ्यातलं हे गाव, आपल्या नाशिकला उगम पावणाऱ्या त्याच नदीच्या दुसऱ्या टोकाचं. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी तिथे क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे ती परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्या बायकांचा अभ्यास केला आणि 1982 साली 'द लेसमेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक लिहिलं. बायका घराच्या उंबऱ्यात बसून दिवसाचे सहा-सात-आठ तास लेस विणत. हातात पडणारा पैसा किमान वेतनाच्या जवळपासही नसे. निर्यात करणारे पुरुष मात्र श्रीमंत झाले. शिरगणतीत या बायका कामगार म्हणून मोजल्याच जात नव्हत्या. त्या गृहिणी, रिकाम्या वेळात काहीतरी करणाऱ्या. पुस्तक वाचताना मला सगळ्यांत जास्त त्रास झाला तो हे पाहून, की त्या बायकांनाही आपण काम करतो असं म्हणायला संकोच वाटे.

तो संकोच मी आमच्याकडेही रोज पाहते. बचत गटाच्या प्रदर्शनात बाळंतविडा विकायला बसलेल्या बाईला किंमत विचारा. ती आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघते, मग आकडा सांगते, आणि तुम्ही काही बोलायच्या आत आपणच पन्नास रुपये कमी करते. लोकरीचा खर्च ती धरते. बटणं धरते. वेळ धरत नाही. बाळाच्या झबल्याला काही दुपारी जातात, पण त्या दुपारी तिच्या लेखी कुणाच्याच नसतात. नमुना फुकट हवा असं जी बाई म्हणते, तिच्या स्वतःच्या हातांनाही फुकटच धरलेलं असतं. म्हणून मी तिच्यावर रागावू शकत नाही. मला वाटतं ते इतकंच, की एका बाईचं काम फुकट धरल्यानं दुसरीच्या कामाला भाव येत नाही.

या सगळ्यात मला एलिझाबेथ झिमरमन यांचा फार आधार वाटतो. 1910 साली इंग्लंडमध्ये जन्म, पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनला संसार. त्यांना स्वेटर गोल विणायला आवडे, एकसंध, शिवण न घालता. पण मासिकांचे संपादक त्यांचे नमुने घेत आणि छापताना त्यांचे सपाट तुकडे करून टाकत: पुढचा वेगळा, मागचा वेगळा, मग शिवा. आपला विचार असा कापून छापला गेलेला पाहणं बाईंना सहन होईना. 1958 साली त्यांनी स्वतःचं वार्तापत्र सुरू केलं, नमुने आपल्या शब्दांत लिहून थेट विणणारीला पोचवले, त्याबरोबर लोकर विकली. एका जुन्या शाळेच्या इमारतीत राहत होत्या, म्हणून प्रकाशनाचं नाव स्कूलहाउस प्रेस. 1971 मध्ये त्यांचं 'निटिंग विदाउट टिअर्स' हे पुस्तक आलं. त्यांनी टक्केवारीची एक पद्धत सांगितली: अंगाचे टाके शंभर धरले तर मनगटाला त्यांतले वीस टक्के, आणि बाकीचं सगळं तसंच अंगाच्या प्रमाणात. एकदा ती समजली की कुणीही स्वतःच्या मापाचा स्वेटर स्वतः आखू शकतं. विणकामात अगदी नवं असं कुणाला सापडत नाही, जगाच्या कोपऱ्यात कुणीतरी ते आधी केलेलंच असणार, असं त्या मानत. तरीही पुस्तकाला आणि वार्तापत्राला त्यांनी किंमत ठेवली आणि त्यावर घराण्याचा व्यवसाय उभा राहिला. टाके सगळ्यांचे असतात, ते समजावून सांगण्याची मेहनत एकीची असते. आपला कायदाही साधारण याच वाटेनं जातो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलेला मजकूर आणि काढलेलं चित्र करणाऱ्याच्या मालकीचं असतं, त्याच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं. सुलट-उलट टाक्यांवर कुणाची मालकी नाही.

2007 मध्ये जेसिका आणि कॅसिडी फोर्ब्स यांनी 'रॅव्हलरी' हे विणकामाचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हापासून गिरणी, मासिक, प्रकाशक यांपैकी कुणालाही न विचारता नमुना थेट विकणं सोपं झालं. नाशिकच्या टेबलावर आखलेलं पान आज नॉर्वेतली बाई विणते. एका बाजूनं हा दरवाजा उघडला, दुसऱ्या बाजूनं आता वेगळाच माल आत येऊ लागला आहे. यंत्रानं बनवलेली मोहक चित्रं लावून असे नमुने विकले जातात जे कधी कुणी विणलेलेच नाहीत. बाई लोकर आणते, सुईवर टाके घालते, आणि वीसेक ओळींनंतर तिला कळतं की या आकड्यांतून त्या चित्रातली वस्तू निघणंच शक्य नाही. त्या नव्वदवाल्या बायकांची काळजी यात कुणी केलेलीच नसते.

एक अडचण खरी आहे आणि तिच्यावरून उडी मारून जाता येणार नाही. डॉलरमधली किंमत आपल्या घरखर्चात मोठी आहे. साताऱ्याच्या एखाद्या बाईला बाळंतविड्यामागे जेवढं सुटतं, तेवढ्याचा नमुना तिनं का घ्यावा? तिनं घेऊ नये. करणारीनंच मोकळे ठेवलेले नमुने ढिगानं आहेत, ते घ्यावेत. काही डिझायनर एकाच नमुन्याला दोन-तीन किमती ठेवतात आणि ज्याला जी झेपेल ती निवडू देतात, ती सोय संकोच न करता वापरावी. थेट पत्र लिहून विचारावं. माझ्या मैत्रिणीकडे अशी पत्रं येतात आणि ती एकीलाही नाही म्हणालेली मला आठवत नाही. मागून मिळालेलं तिला कधी खुपलं नाही. खुपतं ते, आपलाच नमुना कुणाच्या तरी फोनमध्ये आपलं नाव कापून फिरताना दिसला की.

बाकीच्यांशी मला थोडं बोलायचं आहे. आपल्यातल्या पुष्कळजणी एका स्वेटरला दीड-दोन हजारांची लोकर आनंदानं घेतात. त्यात नमुन्याचे पाचशे घाला. गटात कुणी फाइल मागितली तर फाइल पाठवू नका, नमुना कुठे मिळतो ते कळवा. स्वेटर झाला की फोटोखाली डिझायनरचं नाव लिहा, जसं मावशी नमुन्याच्या वर लिहीत असे. प्रदर्शनात झबलं घेताना ती बाई आपणहून कमी करते ते पन्नास रुपये तिला परत द्या. आणि तुमच्याकडे तुम्ही स्वतः बसवलेली एखादी नक्षी असेल, काखेखालच्या पट्टीसारखी एखादी युक्ती असेल, तर ती नीट लिहून काढा, त्यावर आपलं नाव घाला आणि किंमत घाला. ती किंमत शून्य ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण ते तुम्ही ठरवा.